वरचा कोपरा

१४ डिसेंबर, रविवार

आणि सुनेने कणीस दांड्याकडून निखाऱ्यात खुपसलं तरी आबा चिडले नाहीत. हसले. तिच्या हातातून कणीस घेतलं, फिरवलं, राखेखाली सरकवलं, दांडा बाहेर ठेवला. "असं, पोरी. दांडा आपल्याकडं. न्हाईतर धरशील कशाला?" पाव्हणे हसले. तीही हसली.

हीच चूक मी बारा वर्षांचा असताना केली होती. आबांनी आगटी उकरायची काठी माझ्या मनगटावर मारली होती. वळ बरेच दिवस होता. आज मनगट पाहिलं. आता काही दिसत नाही.

हे हुरड्याचं केंद्र माझं आहे. तिसरा हंगाम. जिंतूरच्या दुकानात बावीस वर्षं बी-खताच्या पिशव्या विकल्या, मग सोडलं. रस्त्याकडेचं शेत, आंब्याखाली सावली, परभणीहून दीड तासात माणूस येतं. पाटी मी रंगवून घेतली. फोनवर मी बोलतो. आबा, माझे वडील, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, आगटीवर बसतात. माझी बायको राजेश्री भाकरी, भरीत आणि चटण्या बघते. गावातली लक्ष्मीबाई भाजलेली कणसं चोळून दाणे काढते. एवढी माणसं पुरत होती.

आता अर्पिता आली आहे. मुलगा महारुद्र चाकणला कंपनीत आहे, त्याला अजून खोली मिळालेली नाही. म्हणून सून हंगामापुरती इकडे. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकली आहे. मी तिला ताक वाटायचं काम दिलं होतं. आठ दिवसांत ती आगटीपाशी पोचली.

सकाळी आबा म्हणाले, "परमा, वरच्या कोपऱ्याकडं चलतूस का?" म्हणालो, बुकिंगचे फोन यायलेत. अठ्ठावीस माणसं येऊन गेली.

१६ डिसेंबर, मंगळवार

आबांनी पुन्हा कोपऱ्याकडे बोलावलं. शाळेची सहल ठरवायची होती, बाईंचा फोन येणार होता. अर्पिता म्हणाली, "मी येऊ का, आबा?" गेली. दीड तासाने परत आली. बाईंचा फोन आला नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

कोपऱ्याबद्दल लिहून ठेवतो.

खालच्या पट्ट्यांत पाकिटातल्या बियाची गूळभेंडी ज्वारी आहे. दर आठवड्याला एक पट्टा पेरला, म्हणजे जानेवारी सरेपर्यंत कोवळी कणसं मिळतात. वरचा कोपरा वेगळा. तिथे घरचं बी आहे, आबांच्या आजोबांपासूनचं. त्याचा दाणा गोड असतो आणि चोळलं की एका हिसक्यात बोंडातून सुटतो. आई होती तोवर बी तीच निवडायची. ती गेल्यावर आबा. मी दुकानात होतो.

यंदा घरात होतं नव्हतं ते सगळं बी मी कोपऱ्यात पेरायला लावलं. आबा म्हणत होते, मूठभर माघारी ठेव. मी म्हणालो, कोपऱ्यातून परत मिळंलच की. पुढच्या वर्षी सगळं शेत घरच्या बियाचं करायचं आणि पाटीवर तसं लिहायचं. ही माझी कल्पना आहे. हे अर्पिताला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

लक्ष्मीबाई चोळता चोळता म्हणाली, "भाऊ, तुमी दाताखाली खडा आल्यावानी कामून करायलाव?"

म्हणालो, काही नाही.

"सून आली तं आबाला नवे दात फुटले. काल गाणं म्हनायलते. मी तीस वर्षं बघायले, ह्या मानसाला गाणं येतंय हे मला ठावं नव्हतं."

"कोणतं गाणं?"

"मला काय इचारता? घरचं मानूस तुमचं."

कणसं वेळेत चोळ म्हणालो. ती म्हणाली, हात चालूच हायेत, तोंड वेगळं हाय.

२१ डिसेंबर, रविवार

एकतीस माणसं. परभणीचे एक डॉक्टर सहकुटुंब आले होते. हात धुता धुता त्यांनी विचारलं, हे सगळं कोण चालवतं? मी पुढे होतो. माझ्याआधी अर्पिता बोलली. "हे आमचे मामा, म्हणजे सासरे. सगळं ह्यांनीच उभं केलं. बावीस वर्षांची नोकरी सोडली ह्याच्यासाठी. पहिल्या वर्षी तर लोक हसायचे म्हणे."

माझ्याच शेतात माझी ओळख ती करून देते. लोक हसायचे, हे सांगायची काय गरज होती? डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला. त्यांच्या पाठीमागून ती माझ्याकडे बघत होती. मी कसा दिसतो ते बघत असावी.

२४ डिसेंबर, बुधवार

सकाळी आबा आणि अर्पिता कोपऱ्यात असताना मी विहिरीच्या बाजूने गेलो. त्यांना दिसलो नाही.

कोपरा चिकात आलाय, दाण्यांत दूध भरलंय. आबा प्रत्येक ताटाशी थांबतात. कणसातून एक दाणा अंगठ्याच्या नखाने काढतात, तोंडात टाकतात, डोळे मिटतात. मग दुसरा दाणा काढून तिच्या तळहातावर ठेवतात. ती खाते. दोघं काही बोलत नाहीत. मग आबा मान हलवतात किंवा ती हलवते. दोघांच्या माना सारख्या हलल्या तर आबा जुन्या पटक्याची चिंधी त्या ताटाला बांधतात. ते बियाचं.

एकदा तिने नाही म्हणून मान हलवली आणि आबांनी होय म्हणून. आबांनी पुन्हा दाणा खाल्ला. बांधायला काढलेली चिंधी त्यांनी परत खांद्यावर टाकली.

मी पंचवीस ताटं मोजेपर्यंत उभा होतो. एकदाही आबांनी तिला घाई कर म्हटलं नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळची सुटी. बावन्न माणसं, दोन पाळ्यांत. पाठ धरली आहे.

जेवताना अर्पिता म्हणाली, "मामा, तुम्ही उद्या या ना वर. आबा विचारत होते तुमचं." राजेश्रीसमोर म्हणाली. म्हणजे मी जात नाही हे राजेश्रीला कळावं. म्हणालो, मला इथलं बघावं लागतं, सगळेच रानात जाऊन बसले तर पाव्हण्यांना कोण विचारणार? राजेश्रीने माझ्या ताटात न विचारता भाकरी टाकली. रागावली की ती असं करते.

२७ डिसेंबर, शनिवार

आज पहाटे एकटाच कोपऱ्यात गेलो. दव होतं, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं.

बांधलेल्या ताटांचा एकेक दाणा खाल्ला. मग न बांधलेल्यांचा. चाळीसेक दाणे खाल्ले असतील. डोळे मिटूनही पाहिलं.

मला सगळे गोड लागले.

२९ डिसेंबर, सोमवार

महारुद्रचा फोन. चाकणला खोली मिळतेय पण घेत नाही म्हणाला. "अर्पिता म्हणते इथंच काहीतरी करू. बारा महिन्यांचं. हुरडा सरला की बियाचं. मी पण येतो, बाबा. तुमचं काय मत?"

माझं मत सगळ्यात शेवटी विचारतात. म्हणालो, आबांना विचार.

"आबांना तिनं विचारलं. ते म्हणाले, परमाला विचारा."

मी म्हणालो, बघू.

संध्याकाळी आबा आगटीची राख सारखी करत होते. मी शेजारी बसलो. विचारलं, पुढच्या वर्षी आगटीवर कोण बसणार? आबा म्हणाले, "ज्याला येतंय तो."

"मला येतंय."

"तुला कवा बघितलंय मी बसल्यालं?"

"तुम्ही बसूच दिलं नाही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू मागितलं व्हतंस?" खरंच आठवत नसल्यासारखं विचारलं. मी उठलो.

१ जानेवारी, गुरुवार

नवीन वर्ष. चौसष्ट माणसं. ऊन वाढलंय. पट्टे अंदाजापेक्षा लवकर निबर व्हायला लागलेत. पाचवा पट्टा दोन दिवसांत हातचा जाईल. सहावा अजून पुरता भरला नाही.

बांधलेली ताटं आता अडुसष्ट आहेत. आबा म्हणाले, "झालं. आता ह्येला वाळू द्यायचं. संक्रांतीनंतर काढू." हे अर्पिताला म्हणाले. मी तिथेच होतो.

४ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

त्रेचाळीस माणसांचं बुकिंग होतं. आबा सकाळीच जिंतूरला गेले, मावसभावाचा दहावा होता. मी आगटीवर बसलो. अर्पिता पाखरं हाकायला माळ्यावर होती, मीच तिला पाठवलं होतं. चांगलं चाललं होतं. माझं एकही कणीस करपलं नाही. हे लिहायला हवं, कारण बघायला कुणी नव्हतं.

एक वाजता दोन गाड्या न सांगता आल्या. बारा माणसं, त्यात दोन म्हाताऱ्या. पाचवा पट्टा संपला होता. लक्ष्मीबाई म्हणाली, "भाऊ, हे निबर झालं, दाताला लागायलं. पाव्हन्यास्नी उद्या या म्हना." उद्या या कसं म्हणणार? एवढ्या लांबून आलेली माणसं.

विळा आणि पोतं घेऊन मी कोपऱ्यात गेलो. न बांधलेली ताटं बरीच होती. ती कापली. पोतं भरलं. बारा माणसांना तेवढं पुष्कळ होतं.

मग फक्त चिंध्या बांधलेली उभी होती. रिकाम्या रानात ती फार दिसत होती.

तीही कापली.

दुसरं पोतं आणायला मी परत गेलो नव्हतो. धोतराच्या ओच्यात आणली. चिंध्या सोडून आगटीत टाकल्या. पाव्हणे म्हणाले, असा हुरडा जन्मात खाल्ला नाही. एक म्हातारी दाणे चघळत रडायलाच लागली, माहेरी असा असायचा म्हणे. मी त्यांना आणखी वाढलं.

माणसं दारात आल्यावर माणूस जे करील तेच मी केलं. बी काय, मिळतं. मी बावीस वर्षं विकलंय.

५ जानेवारी, सोमवार

आबा सकाळी कोपऱ्यात गेले आणि लगेच परत आले. ओट्यावर बसले. चप्पल काढली नाही.

"कणसं कुणी काढली?"

राजेश्री आतून बाहेर आली. मी फोनवर होतो, म्हणजे फोन कानाला होता. आबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांना माझा संशयसुद्धा आला नाही. कोपऱ्याचं काही मला कळतं, हेच त्यांच्या मनात कधी आलं नसावं.

ते अर्पिताला म्हणाले, "पोरी, तू व्हतीस ना काल?"

"हो, आबा."

"तुला ठावं व्हतं."

"हो."

"मग?"

ती खाली बघत राहिली. आबा उठून आत गेले.

मी फोन खिशात ठेवला.

७ जानेवारी, बुधवार

आबा अर्पिताशी बोलत नाहीत. पाणीही राजेश्रीकडे मागतात. सकाळी मला म्हणाले, "परमा, तू बस आगटीवर." काठी माझ्याकडे दिली.

दिवसभर बसलो. नऊच माणसं होती. आबा बाजेवर पडून होते. एकदा मान वर करून म्हणाले, "आर कमी झाला." मी गोवऱ्या घातल्या. एवढंच.

अर्पिता ताक वाटत होती. माझ्याकडे पेला घेऊन आली. "मामा, गरम लागत असंल तिथं. ताक घ्या." आवाज नेहमीसारखा.

सगळं मला हवं तसं झालं आहे. भूक नाही.

८ जानेवारी, गुरुवार

लक्ष्मीबाई आज गप्प होती. ती गप्प असली की मला काम सुचत नाही. शेवटी मीच विचारलं, काय झालं?

"मला काय व्हायचंय? मी आपली चोळणारी. माझ्या म्होरं कणसं आली, मी चोळली." मग सुपातला भुसा पाखडत म्हणाली, "माळ्यावरून लय लांबचं दिसतंय, भाऊ. विहीर दिसती. वरचा कोपरा बी दिसतोय."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मीच अर्पिताला माळ्यावर पाठवलं होतं.

म्हणजे तिने पाहिलं. चार दिवस ती हे घेऊन घरात वावरते आहे. मला ताक देते आहे. राजेश्रीला सांगितलं नाही, महारुद्रलाही नाही, नाहीतर त्याचा फोन आला असता.

तिच्या जागी मी असतो तर त्याच दिवशी सांगितलं असतं. गप्प बसणंसुद्धा तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

९ जानेवारी, शुक्रवार

विहिरीवर अर्पिता भांडी विसळत होती. विचारलं, "आबांना का सांगितलं नाहीस?"

तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "तुम्ही सांगाल असं वाटलं."

"कधी?"

"त्याच दिवशी. मग वाटलं, उद्या. मामा, माझं एक काम आहे. आबांनी माझ्याशी बोलायला पाहिजे. मला अजून बरंच विचारायचंय त्यांना. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. राग नव्हता. राग असता तर मला बरं पडलं असतं, काहीतरी उत्तर देता आलं असतं.

म्हणालो, भांडी उन्हात पालथी घाल.

११ जानेवारी, रविवार

पाव्हणे चार वाजता गेले. आबा आगटीपाशी येऊन बसले होते. मी उभाच राहिलो.

"आबा, कोपरा मी कापला."

त्यांना ऐकू आलं. तरी मी पुन्हा म्हणालो. "पोरीनं न्हाई. मी."

आबा काठीने राख उकरत राहिले. मग म्हणाले, "पाव्हणे लय व्हते का?"

"व्हते. पण बांधलेली कापायची गरज नव्हती. पोतं भरलं होतं."

हे मी का सांगितलं मला कळत नाही. ते विचारत नव्हते.

"मग कामून कापलीस?"

आबांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. हिशेब न जुळलेल्या माणसासारखा होता.

"कशी व्हती?"

"काय?"

"कणसं. चवीला."

"पाव्हणे म्हणाले, असं कधी खाल्लं नाही."

"तू खाल्लंस?"

"न्हाई."

"खायाचं तरी, बाबा," आबा म्हणाले. मग काठी बाजूला ठेवली. "तुला मी इतक्यांदा बोलवायलतो. वर चल, वर चल म्हणून. मला वाटायचं ह्याला ह्याच्यात गोडी न्हाई. दुकानात बसून बसून ह्याचं मन तिकडंच गेलं. मग मी म्हटलं, पोरगी येती तर तिला तरी."

मी म्हणालो, "फोन यायचे."

"व्हय. फोन यायचे."

लक्ष्मीबाई सूप काखेत मारून रस्त्याला लागली होती. वळून बघत होती. आबांनी तिला हात केला, जा म्हणून.

मग म्हणाले, "चारठाण्याच्या तात्यारावाला मी बी दिलं व्हतं. धा-बारा वर्सं झाली. ठेवलं असंल त्यानं. पण बी मागायला जायचं तर आपल्या घरचं बी कसं गेलं ते सांगावं लागतंय. उगंच कुणी देत न्हाई, अन् उगंच कुणी घेत बी न्हाई. मी जाणार न्हाई. मी त्याच्या दारात काय सांगू?"

"मी जातो."

"पोरीला संगं ने. तुला निवडता येणार न्हाई."

यात टोमणा नव्हता. पाऊस येणार नाही म्हणावं तसं ते म्हणाले. मग घराकडे तोंड करून हाक मारली, "अर्पिता, ए पोरी. पाणी आण गं."

ती धावत आली. तांब्या भरलेला होता, निम्मं पाणी वाटेत सांडलं.

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी साडेसातच्या एसटीने आम्ही दोघं निघालो, जिंतूरला बदलून चारठाण्याला पोचलो. तात्याराव घरी होते. पाणी झालं, चहा झाला. बी मागितल्यावर त्यांनी आबांचं नाव घेऊन विचारलं, "लिंबाजीचं बी कसं गेलं?" मी सांगितलं. बांधलेल्या ताटांचंही सांगितलं. त्यांनी माझ्याकडे आणि मग अर्पिताकडे पाहिलं. आढ्याला टांगलेली जुडी सोडून सुपात घातली आणि सूप मधे ठेवलं. मी ते तिच्यापुढे सरकवलं. तिने तीसेक कणसांतून अकरा काढली. एक माझ्यापुढे धरून म्हणाली, "मामा, हे बघा, बोंड कसं उघडंय." मी पाहिलं. सव्वाअकराची गाडी मिळाली. पिशवी तिच्या मांडीवर होती. जिंतूर येईपर्यंत मी ती मागितली नाही.